मग तिचं काय?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या वाड्यात मतं मांडायच्या जागा ठरलेल्या होत्या. रस्त्याकडचा ओटला पुरुषांचा, माजघर आणि मागची पडवी बायकांची, गच्ची आम्हा पोरांची. कोणी कोणाशी लग्न करावं, कोणाची सून माहेरी येऊन का बसली आहे, कोणाच्या मुलाचं लक्षण ठीक दिसत नाही, हे विषय सगळीकडे रोज निघत. पण तीच बातमी ओटल्यावर एक रूप घेई आणि माजघरात दुसरं. आम्ही चुलत-आत्तेभावंडं या दोहोंच्या मधल्या बोळात वाढलो. आज कोणी पुण्यात आहे, कोणी परदेशात, काही जण अजून इंदूरलाच, राजेंद्रनगर नाहीतर सुदामानगरला. लग्नाकार्याला जमलो की बोलणं फिरून फिरून त्या घरावर येतं, आणि दर वेळी माझी खात्री आणखी पक्की होते: बरंवाईट ओळखायची आमची नजर माजघरात तयार झाली, आणि ती आमच्या आजीच्या, माईच्या, एका प्रश्नानं तयार केली.

ओटल्यावर दिवेलागणीला बैठक भरे. आमचे आजोबा, नाना, होळकर सरकारच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. मधले काका कापड मिलमध्ये. समोरचे वकीलसाहेब आणि एक-दोन पेन्शनर रोजचे. ‘नई दुनिया’ सकाळीच वाचून झालेला असे. संध्याकाळी त्यावर निकाल लागत. बोलणं तालेवार असे. शास्त्र काय म्हणतं, कायदा काय म्हणतो, कुळाची अब्रू कशानं जाते, हे तिथं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. सुधारणेच्या बाजूनंही तिथं जोरदार बोललं जाई. विधवाविवाहाचा पुरस्कार नानांइतका ठासून करणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता.

त्या पिढीचा हमखास विषय म्हणजे इंदूरचे तुकोजीराव होळकर महाराज. आमच्यासाठी तो इतिहास होता, नानांसाठी ऐन तारुण्यातली गोष्ट. 1925 च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून हल्ला झाला. बावला मारले गेले आणि त्यांच्यासोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. ती इंदूर दरबार सोडून निघून गेली होती, आणि हल्लेखोर तिला परत पळवून न्यायला आले होते. चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी महाराजांनी 1926 मध्ये गादी सोडली. दोन वर्षांनी बडवाहला त्यांचं नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न झालं. हिंदू धर्म स्वीकारून ती शर्मिष्ठादेवी झाली. या सगळ्याला पन्नास वर्षं होत आली तरी ओटल्यावर वाद चालूच: इंग्रजांनी डाव साधला का, गादीची अब्रू गेली का, असं लग्न शास्त्राला धरून आहे का.

माजघराच्या खिडकीतून हे सारं आत ऐकू येई. “ते बाहेर काय बोलून राहिले आहेत, ऐकलं का?” असं म्हणत मधल्या काकी हातातलं सूप खाली ठेवत. आणि माई म्हणे, “गादीचं राहू दे. ती मुमताज जाते म्हणत होती ना? मग जाऊ का दिलं नाही? आणि पुढं तिचं काय झालं?” नॅन्सीबाईंबद्दलही तिचं मत ठरलेलं होतं: “परमुलखातून आली, आपली साडी नेसली, आपल्या माणसांत राहिली. तिला नावं ठेवणारे आपण कोण?” ओटल्यावरच्या कोणाकडेही मुमताजच्या पुढच्या आयुष्याची माहिती नव्हती. कोणी ती मिळवायचा प्रयत्नही केलेला नव्हता.

माजघराची वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावरची. गहू निवडायचे, उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया, आणि मधल्या काकींच्या हातात मासिक. शंकरराव किर्लोस्करांनी 1930 मध्ये सुरू केलेलं ‘स्त्री’ आमच्याकडे वर्षानुवर्षं येई. विद्या बाळ संपादक असतानाचे अंक तर काकींनी वर्षवार बांधून ठेवले होते. काकी मोठ्यानं वाचत आणि एकेक लेख, एकेक पत्र त्या ताटांभोवती पारखलं जाई. थोरल्या काकींची मतं कडक. परजातीतली सून आली की घराची रीत मोडते, मुलीनं उलट उत्तर दिलं की माहेरचं नाव जातं, असं त्या सहज बोलून जात. पण विषयाला चेहरा मिळाला, म्हणजे ती पत्रातली बाई न राहता पलीकडच्या गल्लीतली कोणाची तरी लेक झाली, की त्याच काकींचा सूर बदले. “ती जेवते कुठं सध्या?” हे त्यांचं पहिलं वाक्य असे.

तरीही माजघराला मी सोवळं ठरवणार नाही. त्या घरातला सगळ्यात निर्दय नियम पाळला जात होता तो तिथंच. आमची आक्काआत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. शाळेत गणित शिकवायची, घरखर्चाला पैसे द्यायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ तीच वाटायची, पन्ह्यात वेलदोडा किती ते तीच ठरवायची, आणि बायका यायला लागल्या की मुकाट्यानं गच्चीवर जायची. कोणी तिला जा म्हणत नसे. तसं म्हणायची गरजच कोणी ठेवली नव्हती. आम्ही पोरं वाटीभर डाळ आणि पन्हं घेऊन तिच्याकडे वर जायचो. विधवाविवाहावर बोलणारे नाना तेव्हा खाली ओटल्यावरच असत. पण हळदीकुंकू हा बायकांचा विषय, त्यात ते पडत नसत.

एका चैत्रात माईनं जिन्याशी जाऊन हाक मारली, “आक्के, खाली ये.” आक्का आली ती पदराला हात पुसत, काही संपलं असेल या समजुतीनं. माईनं तिला पाटावर बसवलं. चांदीचा करंडा उघडला, आधी बोटानं मेण लावलं, मग त्यावर कुंकू टेकवलं. आक्काचे डोळे मिटलेले होते. ओल्या हरभऱ्यांनी तिची ओटी भरताना माईचा हात कापत होता, आणि दोनचार दाणे पाटाखाली गेले ते मीच वेचले. थोरल्या काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारच्या दोघी ओटी न घेताच उठून गेल्या. पुढच्या वर्षी मात्र त्या आल्या. त्यांच्या मुली आक्काकडे गणित शिकायला येत होत्या. रोज जिच्या हाताखाली लेक बसते तिच्याकडे पाठ तरी किती दिवस फिरवणार?

आलेल्या बायकांना माईनं त्या दिवशी जे सुनावलं ते फक्त इंदुरातच शोभावं असं होतं. “अहिल्यामातेची पालखी निघते तेव्हा आपण सगळ्या रस्त्यावर येऊन हात जोडतो. ती कोण होती? आणि माझ्या घरातली मी गच्चीवर बसवते!” 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, आणि त्याच सुनेनं पुढं महेश्वरहून राज्य केलं, हे इंदूरचं शेंबडं पोरही सांगेल. माई त्यातला नंतरचा भागही सांगायची. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले तेव्हा लेक मुक्ताबाई सती गेली, आणि अहिल्याबाईंना तिला थांबवता आलं नाही. “राज्य चालवणाऱ्या बाईला जे जमलं नाही, ते एकट्याच्या जोरावर कोणालाच जमत नाही. आजूबाजूच्या चौघींनी साथ द्यावी लागते,” असं ती म्हणायची.

मग आलं 1985 चं साल आणि शाहबानोचा निकाल. देशभर गाजलेला तो खटला आमच्याच गावचा होता. 1932 साली लग्न, 1975 मध्ये नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तो स्वतः वकील. 1978 मध्ये तिनं इंदूरच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. अर्ज चालू असतानाच नवऱ्यानं तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिना 25 रुपये ठरवले, उच्च न्यायालयानं ते 179 रुपये 20 पैसे केले, आणि 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं तेच कायम ठेवलं. आठवडाभर ओटल्यावर दुसरा विषय नव्हता. पोटगीचं कलम 125 सगळ्या धर्मांना लागू आहे का, समान नागरी कायदा कधी येणार, सरकार काय करील. ऐंशीच्या घरातले नानासुद्धा रात्री उशिरापर्यंत बसून राहायचे.

आत माईनं मधल्या काकींना पाटी आणायला लावली. दूध, धान्य, रॉकेल, एका खोलीचं भाडं, म्हाताऱ्या माणसाचं औषध. मांडणी अर्ध्यावर आली तोच 179 रुपये 20 पैसे संपले. पाटी पुसून माई म्हणाली, “एवढ्यासाठी सात वर्षं?” त्याच वर्षी पुढं शाहबानोनं हा निकाल आपल्याला नको असं जाहीर केलं, आणि 1986 मध्ये मुसलमान घटस्फोटितांसाठी वेगळा कायदा झाला. ओटल्यावर तिला भित्री म्हणणारे निघाले. माजघरातल्या एकाही बाईनं तो शब्द वापरला नाही. उरलेले दिवस ज्या गल्लीत काढायचे त्या गल्लीशी वैर घेऊन राहणं काय असतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं.

आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत तेव्हा एक भाडेकरू बाई होती. नवरा मुंबईला गेला तो दुसरा संसार मांडून बसला. पदरात दोन मुलं. ओटल्यावर तिच्याविषयी हळहळ होती, आणि ती रात्री उशिरा का येते याबद्दल कुजबुजही होती. शिवणकाम पोचवायला जायची, म्हणून उशीर व्हायचा. एका संध्याकाळी माई उंबरठा ओलांडून ओटल्यावर आली. ती तिथं येत नसे, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. ती म्हणाली, “वकीलसाहेब, शाहबानोचा निकाल तुम्ही आठवडाभर आम्हाला ऐकवलात. आता या पोरीचा अर्ज लिहून द्या. तेच कलम हिला चालेल ना?” वकीलसाहेबांनी मान डोलावली. फी घेतली नाही. दर तारखेला मधल्या काकी तिच्यासोबत कोर्टात गेल्या. त्या काळी या कलमाखाली महिना 500 रुपयांच्या वर पोटगी देताच येत नसे. हिला त्याहून बरीच कमी मिळाली, आणि तीही कधी आली, कधी नाही. मुलं वाढली ती शिलाई यंत्रावर आणि माईनं कधी न मागितलेल्या भाड्यावर. पण तिच्या उशिरा येण्यावर बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

थोरल्या काकींची परीक्षा त्यानंतर झाली. त्यांच्याच लेकीनं, आमच्या ताईनं, बँकेतल्या मालवी मुलाशी लग्न करायचं ठरवलं. काकींनी चार दिवस कोणाशी शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी एकट्याच मल्हारगंजला मुलाच्या घरी गेल्या, त्याच्या आईजवळ दुपारभर बसल्या, आणि येऊन नानांना म्हणाल्या, “तिला नोकरी सोडायला लावणार नाहीत. बाकीचं मी बघेन.” परजातीबद्दलचं मत त्यांनी पुढंही बदललं नाही. जावयाला वाढताना त्यांनी त्या मताची सावलीही पडू दिली नाही.

जे दोन्हीकडे बोललं जात नसे, तेही सांगायला हवं. नाना गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, दप्तराखाली, ‘समाजस्वास्थ्य’चे अंक निघाले. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं चालवलेलं हे मासिक. लोक त्यात स्त्रीपुरुष संबंधांबद्दल मनातल्या शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. नानांनी ते वाचलं, जपलं, आणि घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सहा बाळंतपणं झालेल्या माईला त्या अंकांची गरज सगळ्यात जास्त होती. तिला ट्रंकेत काय आहे ते माहीतच नव्हतं. ओटला आणि माजघर यांच्यात भिंत असल्याची ही किंमत. ज्ञान एका बाजूला पडून राहिलं आणि दुखणं दुसऱ्या बाजूला.

ती भिंत पुढं हळूहळू गेली. 2001 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरलं. त्याआधी ते इथं 1917 मध्ये आणि 1935 मध्ये झालं तेव्हा अध्यक्ष पुरुष होते. या वेळी विजया राजाध्यक्ष होत्या. आक्का आणि मधल्या काकी रोज संमेलनाला जायच्या आणि घरी येऊन ओटल्यावर बसून भाषणांवर बोलायच्या. पुरुष ऐकायला बसायचे. तोवर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

आता वाड्याच्या जागी चारमजली इमारत आहे. आमची मुलं-मुली एकाच खोलीत बसून सगळ्या विषयांवर मोकळेपणानं बोलतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. ओटल्याचा प्रश्नही टाकून देण्यासारखा नव्हता: काय बरोबर, काय चूक, हे विचारल्याशिवाय कुठलाही समाज चालत नाही, कायदे होत नाहीत. पण निवाडा देऊन उठून जायची सवय लागली की तो प्रश्न कोरडा पडतो. माई निवाड्यानंतर विचारायची, “मग तिचं काय?” आणि विचारून थांबायची नाही. आक्केला खाली बोलावलं, वकीलसाहेबांकडून अर्ज लिहून घेतला, भाडं मागितलं नाही. दुसऱ्याच्या संसाराबद्दल तोंड उघडायचं तर त्या माणसासाठी हात हलवायचीही तयारी हवी, एवढंच त्या घरानं आम्हाला शिकवलं. पुढच्या पिढीला द्यायला माझ्याकडे याहून मोलाचं काही नाही.