पंचेचाळीस मिनिटं

लेस्टरहून परतताना एम-वनवर अचानक पाठीला घाम फुटला. बाहेर कडाक्याची थंडी, हीटरही मंद. निघताना रक्तातली साखर ६.२ मिलिमोल होती, पण दुपारी जेवण अर्धंच झालं होतं. सर्व्हिसेस जवळच होत्या म्हणून बरं. गाडी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. साखर उतरली की चालकाच्या जागेवरून उठायचं, हा इथला, ब्रिटनमधला, नियमच आहे. बोट टोचलं. ३.४.

ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, वर दोन बिस्किटं. पंधरा मिनिटांनी ५.६. हातांची थरथर थांबली, डोकंही स्वच्छ वाटत होतं. तरी साखर जागेवर आल्यावर आणखी ४५ मिनिटं थांबायचं, कारण मेंदूला सावरायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याला बरं वाटतंय, यावर तेव्हा भरवसा ठेवता येत नाही.

इन्सुलिन सुरू झाल्याचं डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन परवाना खात्याला, कळवताना पोटात गोळा आला होता. परवाना गेला तर? गेला नाही, तीन वर्षांचा मिळाला. निघण्याआधी दोन तासांच्या आत तपासायचं, वाटेत दर दोन तासांनी पुन्हा. पाचच्या खाली असेल तर खाऊन निघायचं, चारच्या खाली निघायचंच नाही. सुरुवातीला जाच वाटायचा.

आज मागच्या सीटवर नात झोपली होती. तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती. मुलीला फोन केला, “उशीर होईल गं, साखर उतरली होती.”

“बाबा, थांबा तिथेच. अजिबात घाई करू नका.”

घड्याळात वीस मिनिटं उरली होती. नातीच्या अंगावरची शाल नीट केली आणि बसून राहिलो.