मृगाचा गुलाबी रंग

भंडारदऱ्याला काढलेल्या मृग नक्षत्राच्या फ्रेम आज एकावर एक रचल्या. सुट्या फ्रेममध्ये नॉइजचे दाणेच दाणे. शंभर रचल्या की ते दहाव्या हिश्श्यावर येतात, कारण जुळवलेला तारा जागेवर राहतो आणि दाणे दर वेळी भलतीकडे पडतात. मग उजळपणाचा कर्व्ह हळूहळू वर ओढला, तसा बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ उमलत गेला. किती देखणा! हा गुलाबी रंग मी भरलेला नाही. त्यात ६५६ नॅनोमीटरचा, हायड्रोजनचा लाल प्रकाश आहे; इतका मंद लाल आपल्या डोळ्यांना जाणवतच नाही. निघाला तो सुमारे १३०० वर्षांपूर्वी. म्हणूनच तो भडक करायला माझा हात धजत नाही. गाभ्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे मात्र लांब एक्स्पोजरमध्ये जळून पांढरे होतात. त्यांच्यासाठी काही सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्याच.