वजनाचा आकडा आणि भुकेला जीव

माणसाचे वजन केवळ त्याच्या संयमावर ठरत नाही. अनुवंश, गर्भातले पोषण, झोप, कष्ट, औषधे आणि घरातली ताटाची वाटणी यांचा त्यात मोठा हात असतो. जालन्यासारख्या कोरडवाहू मुलखात दुष्काळाचाही असतो. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. ते दिवस काढलेल्या घरांत अन्न टाकलेले आजही खपत नाही आणि पोट भरल्यावरही आग्रह थांबत नाही. त्या आग्रहात माया असते, जुनी धास्तीही असते.

उपासमारीची खूण शरीरातही राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. गावातली बाळे किरकोळ असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणून सडपातळ माणूस निरोगी आणि जाड माणूस आजारी, हा सरधोपट हिशेब इथे लागू पडत नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, कमरेचा घेर आणि हिमोग्लोबिन ही मोजमापे काट्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात.

तरीही वजन उतरवायचे म्हटले की सल्ला बहुधा एकच मिळतो: भाकरी सोडा, भात सोडा. अर्धपोटी राहिल्याने काय होते, ते १९४४-४५ मधल्या एका प्रयोगात दिसले. अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. त्यांना दिवसरात्र खाण्याचेच विचार येऊ लागले, चिडचिड वाढली. पुढे भरपूर अन्न मिळाल्यावरही कित्येकांची तृप्ती होईना. उपाशी राहून नंतर भराभर खाल्ले जाते, तेव्हा माणसाचा निर्धार कमी पडलेला नसतो. शरीर आपला जीव वाचवत असते. अशा माणसाला लाजवणे हा अन्याय आहे.

मराठवाड्यातल्या कष्टकरी बाईच्या बाबतीत हे फार खरे आहे. पहाटे चहा, मग शेत, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले, त्यात एकादशी आणि नवरात्राचे उपास. तिला डाएटचा तक्ता देण्याआधी घरच्यांनी तिला आपल्याबरोबर जेवायला बसवावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे वेळेवर आणि पोटभर मिळालेले जेवण कोणत्याही महागड्या पावडरीपेक्षा सरस आहे. दिवाळीतली करंजीही निवांत चवीने खावी. दुसऱ्या दिवशी उपास करून तिची भरपाई करण्याचे कारण नाही.

लग्नकार्यात भेटल्याबरोबर ‘किती सुटलीस’, ‘किती वाळलास’ असे म्हणण्याची रीत सोडायला हवी. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या मनात हे शब्द खोल रुततात. चोरून खाणे, जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, पाळी थांबणे, वजन झपाट्याने उतरणे अशी लक्षणे दिसली तर रागे न भरता डॉक्टरांकडे न्यावे. मनावरच्या ताणासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.