झाकली मूठ

मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, हे काही केल्या मनातून जात नाही.

वाईला आमच्या माडीवर वैशाखात पापड लाटायला आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. एका वर्षी त्यांतली माझी मैत्रीण मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून आली. उकाड्याने सगळ्यांचा जीव नकोसा झालेला. सगळ्यांनी पाहिलं. ती लवकर उठली आणि जिना उतरून जायच्या आतच कुजबुज सुरू झाली. मी त्यात नव्हते. मैत्रीण म्हणजे पोटात ठेवणारी, असं धरून चालले होते, आणि त्याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. नुसतं लाख का नाही? सव्वा आपल्याकडे शुभ. देवापुढेही सव्वा रुपया ठेवायचा. पुऱ्या आकड्यावर थोडं अधिक, म्हणजे भर पडत राहील. त्या मुठीतही कुणी अशीच आशा धरली असेल का, की आज नाही तर उद्या नवरा सुधारेल? पण मूठ बाईची आणि लाख घराण्याचे, असा तो हिशेब. आवळून आवळून हात किती दुखत असेल, ते म्हणीत कुठेच नाही.

जात्यावर मात्र ती मूठ उघडायची. पहाटे दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या आणि सासुरवास, मार, माहेरची ओढ, सगळं ओवीत यायचं. आत निजलेल्यांच्या कानावर पडत असणारच. तरी ‘तू सांगितलंस’ असं म्हणायची सोय नव्हती, कारण सांगणं जात्याला होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक! तो आकडा वाचताना मला आईची म्हणच आठवली. पुढे पिठाची गिरणी आली. बायकांचे हात सुटले, ते बरंच झालं. पण ते बोलणं कुठे गेलं? दुपारच्या कुजबुजीत?

आमच्या माडीवर सगळ्यांत जास्त बोलणारी जी होती, ती त्या दिवसानंतर रोज तिन्हीसांजेला माझ्या मैत्रिणीकडे विरजण मागायला जायची आणि तिच्या नवऱ्याचं जेवण होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. हे मला आत्ता कळलं. मागणारीच्या स्वतःच्याच घरी दुभती म्हैस होती, विरजणाला काय तोटा!

ती राखण करायला जात होती, की उद्याच्या बोलण्याला काही मिळतंय का ते बघायला? दोन्ही असेल. एकातून दुसरं वेगळं काढायला मी बसले आहे खरी, पण जमत नाही. त्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना मी मैत्रिणीच्या अगदी शेजारी होते. वाऱ्याने बाही जरा वर सरकली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पापड उलटायला खाली वाकले.