कुरकुरणारा पट्टा

वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी मुरगावच्या घरी माझ्या हाती आली. गेल्या आषाढात ती सकाळी सुरू होताच किंचाळू लागली. चतुर्थीला पेडण्याच्या घरी जायचे होते आणि आईने बजावले होते, "येईन तर ह्यांच्याच गाडीतून." फॅन बेल्ट तुटला की डायनॅमोबरोबर पाण्याचा पंपही थांबतो, मग इंजिन तापायला कितीसा वेळ? झुआरी पुलावर आईसह खोळंबल्याचे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

पट्टा बदलला. तीन आठवड्यांत नव्याच्याही एकाच कडेचे धागे सुटले. मी खाऱ्या हवेवर खापर फोडले. आम्हा मुरगावकरांची ती सोयच आहे.

वास्कोतील एका वृद्ध मेस्त्रींनी चालू इंजिनपासून हात लांब राखून पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडले. आवाज क्षणभर थांबला, पुन्हा आला. "ढिला असता तर पाण्याने अधिकच ओरडला असता. हा वाकडा धावतो आहे." मग इंजिन बंद करून त्यांनी पुल्यांवर सरळ पट्टी धरली. डायनॅमोची पुली नखभर पुढे! बोल्टावरील वॉशर कुणीतरी भलत्या बाजूस घातला होता. नव्या मोटारींत एकच लांब पट्टा सर्व पुल्यांना सापासारखे वळसे घालतो. तिथेही एकच कड झिजली तर आधी पुली पाहावी, असे ते म्हणाले.

वैशाखात डायनॅमो उतरवून साफ करणारा तो 'कुणीतरी' मीच, हे आईला मी पेडणे आल्यावरच सांगितले.