कुकटपल्लीच्या मांडवामागे

सोलापूरहून पूर्वेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी ही गावे मागे टाकीत हैदराबाद शहरात शिरतो, तो कुकटपल्लीवरून. या रस्त्याचा आजचा सरकारी क्रमांक ६५ असला तरी तेथील लोक त्यास अद्यापि 'मुंबई हायवे' म्हणतात. रिक्षावाल्याच्या तोंडून हे नाव ऐकले तेव्हा परक्या मुलखात येऊनही आम्हांस घराचा रस्ता सापडल्यासारखे वाटले. शिवाय १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा याच शहराच्या सत्तेखाली होता. त्यामुळे येथल्या जुन्या माणसांस मराठी कानी पडली तर नवल वाटत नाही.

कुकटपल्ली हे एके काळी शहराबाहेरचे खेडे. पुढे आसपास कारखाने आले, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे तंत्रविद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, गृहनिर्माण मंडळाने मोठी वसाहत उभारली. २००७ मध्ये येथील नगरपालिका हैदराबादच्या महापालिकेत विलीन झाली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली. आता खेड्याचे चिन्ह म्हणून काही तळी तेवढी उरली आहेत. नोकरीसाठी आलेली माणसे देशाच्या सर्व भागांतली. त्यांत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगाही आहे. त्याच्या लग्नाच्या मिस्सेसाठी आम्हांस बोलावणे आले होते. गावाहून एक बस भरून वऱ्हाड आले. मिस्सा देवळात यथाविधी झाला व सायंकाळचे भोजन एका मोकळ्या मैदानात मांडव घालून होते.

वाचकांस वाटेल की, आता आम्ही बिर्याणीचे वर्णन करू. बिर्याणी उत्तम होती. परंतु आम्हांस लिहावयाचे आहे ते मांडवाच्या मागच्या बाजूबद्दल. विषय जेवणाच्या पंक्तीत बोलण्याचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्या गोष्टीवाचून कोणाही मनुष्याचा एक दिवस जात नाही, तिच्याविषयी आमच्या साप्ताहिकांत कधी अक्षर छापले जात नाही, हेही बरे नव्हे.

मांडवामागे कनातीच्या आडोशाला प्लास्टिकची सहा निळी खोपटी ओळीने उभी होती. प्रत्येक खोपटे साधारण साडेतीन फूट चौरस व उंचीला सात फुटांहून थोडे अधिक. आत बैठक, छताला जाळी, दाराला आतून कडी. ही भाड्याची फिरती शौचालये. सकाळी टेम्पोतून येतात, मध्यरात्री परत जातात. आमच्या बसमधील एका वृद्ध आजींस त्यांच्या सुनेने तिकडे नेले. आजी दार उघडून आत डोकावल्या आणि तशाच मागे फिरल्या. आत टमरेल नव्हते! भिंतीला पांढऱ्या कागदाची गुंडाळी मात्र होती. आजींनी आम्हांस विचारले, "फादर, हा कागुद कशापायी ठेवलाय? ह्याच्यावर काय लिहायचं?" सुनेने कानात सांगितले तेव्हा आजींनी पदर तोंडाला लावला आणि पोरीला बादली आणण्यास पिटाळले. ती कागदाची गुंडाळी नवरदेवाच्या परदेशी वरिष्ठांसाठी ठेवली होती असे मागाहून कळले. ते साहेब काही आले नाहीत. दोन गुंडाळ्या मुलांनी पळवल्या आणि जेवणानंतर सर्वांनी तुपकट हात पुसण्यास त्यांचा सढळ उपयोग केला.

आजींच्या आश्चर्यास जुनी परंपरा आहे. सहाव्या शतकातील एका चिनी विद्वानाने लिहून ठेवले आहे की, ज्या कागदावर थोरांची वचने वा नावे आहेत तो आपण या कामी वापरीत नाही. अर्थात कोरा कागद तेव्हाही वापरला जात होता. पुढे इ.स. ८५१ च्या सुमारास चीनला गेलेल्या अरब व्यापाऱ्यांनी तेथले लोक पाण्याने धूत नाहीत, कागदाने पुसतात, असे नोंदवले व त्याबद्दल नाक मुरडले. पाश्चात्त्यांत हा कागद विकत मिळू लागला तो फार अलीकडे. न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयटी याने १८५७ मध्ये तो सुटा विकण्यास काढला आणि त्याच शतकाच्या अखेरीस गुंडाळ्या आल्या. त्यापूर्वी तेथील शेतकरी मक्याची कणसे व जुनी वर्तमानपत्रे यांवर भागवीत असत. तेव्हा कागद हे सुधारणेचे लक्षण व टमरेल हे मागासलेपणाचे, असा जो समज आमच्या काही शिकलेल्या तरुणांनी करून घेतला आहे, त्यास आधार नाही. थंड देशांत हिवाळ्यात गोठणारे पाणी आणि अंगावरचे जाड कपडे यांमुळे ती रीत तेथे रुजली असावी. आमचे मत विचाराल तर पाण्याची सर कागदास नाही. आखातात व युरोपात राहणाऱ्या आमच्या लोकांच्या न्हाणीघरात एक लहानशी बाटली कोपऱ्यात उभी असतेच, हे त्यांच्याकडे पाहुणे गेलेल्यांस ठाऊक आहे.

पण कागदाचा प्रश्न आता गावातही येऊ लागला आहे, म्हणून दोन शब्द. शौचासाठी केलेला कागद पाण्यात विरघळेल असाच बनवलेला असतो. वर्तमानपत्राचा कागद, हात पुसण्याचे जाड कागदी रुमाल आणि लहान मुलांसाठी मिळणारे ओले रुमाल विरघळत नाहीत. शेवटच्या प्रकारात तर बहुधा प्लास्टिकचे धागे असतात. आमच्या घरोघरच्या शोषखड्ड्याच्या शौचकुपात पाण्याचा पडदा जेमतेम बोटभर असतो. त्यात असला रुमाल अडकला की, तो काढण्यास कोणाला तरी हात घालावा लागतो.

मनुष्य जेथे मोठ्या संख्येने काही काळ जमतो तेथे ही सोय असावी, हा विचार आपल्या पवित्र ग्रंथातच आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मोशेने इस्राएलाच्या छावणीस नियम घालून दिला आहे. छावणीबाहेर जागा नेमावी, प्रत्येकाने हत्यारांबरोबर खणण्याचे साधन बाळगावे, खड्डा करून मागाहून माती लोटावी. त्याचे कारणही तेथेच दिले आहे की, परमेश्वर छावणीतून फिरत असतो. सेमिनरीत हा उतारा आमच्या वर्गात हसण्यावारी गेला होता. पंधरा-वीस वर्षे सण-यात्रांची व्यवस्था पाहिल्यावर त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

आजचे हे खोपटे मात्र छावणीतून आलेले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लाँग बीच येथे १९४० च्या दशकात जहाजबांधणीच्या कामगारांना दूर धक्क्यावर जावे लागून वेळ मोडू लागला. तेव्हा लाकडी खोकी करून ती जहाजापाशीच ठेवण्यात आली. पुढे लाकडाच्या जागी फायबर व मग प्लास्टिक आले. बैठकीखाली सुमारे सव्वादोनशे लिटरची टाकी असते. तीत थोडे पाणी व निळे औषध घालतात. औषधाने कुजण्याची क्रिया व दुर्गंधी आवरते आणि निळ्या रंगाने आतले दिसत नाही. हे यंत्र काही शुद्ध करीत नाही, फक्त सांभाळून ठेवते. मैला पुढे नळीवाटे टँकरमध्ये ओढून शुद्धीकरण केंद्रावर न्यावाच लागतो.

आमच्या महाराष्ट्रात हा धंदा नावारूपास आणणाऱ्यांत पुण्याचे राजीव खेर यांचे नाव येते. त्यांनी १९९९ मध्ये त्याचा आरंभ केला. २०१६ मध्ये उलका सादलकर यांच्यासह त्यांनी पुण्यात जुन्या मोडीत निघालेल्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी शौचालये केली. पंढरीच्या वारीतही २०१५ च्या सुमारास 'निर्मल वारी' या नावाने फिरती शौचालये पालखीच्या मुक्कामी उभी राहू लागली. शेकडो वर्षे लाखो माणसे उघड्यावर बसत होती, ती सवय मोडली जाऊ लागली.

दुसरा एक प्रकार सैन्याकडून आला. सियाचीनच्या बर्फात मैला कुजत नाही, वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यावर उपाय म्हणून संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने थंडीत जगणारे जंतू वाढवून जैव टाकी सिद्ध केली. टाकीतले जंतू मैल्याचे पाणी व वायू करतात. हीच पद्धत २०११ पासून रेल्वेच्या डब्यांत आली. हैदराबादेतही बांका बायोलू या मंडळीने २०१२ मध्ये ती शौचालये बनविण्याचे काम सुरू केले. यातील जंतू जिवंत असतात, हे मात्र विसरू नये. टाकीत फिनेल वा ॲसिड ओतणारा मनुष्य आपल्या हाताने नोकरांस ठार करतो. गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्यांनी रेल्वेच्या टाक्या कशा तुंबवल्या, याचा वास प्रवाशांनी घेतला आहेच.

असो. पुन्हा मैदानाकडे वळू. रात्री अकराच्या पुढे मांडव रिकामा होऊ लागला, तेव्हा टँकर आला. त्यावरील दोघांपैकी एकाच्या गळ्यात जपमाळ होती. आमचा झगा पाहून त्याने "फादरगारू" म्हणत हात जोडले. दखनी हिंदीत थोडे बोलणे झाले. त्याच्या हातात रबरी मोजे होते, पायांत मात्र साध्या चपला. नळी टाकीत सोडली, यंत्र चालू केले. चार खोपटी सुरळीत झाली. पाचव्यात नळी अडली. कोणी तरी ओला रुमाल व एक लहान बाटली आत टाकली होती. तो मोजा कोपरापर्यंत ओढून वाकला व हाताने ते बाहेर काढू लागला. आम्ही त्यास थांबवले, आकडी नाही का म्हणून विचारले. तो म्हणाला, आहे, पण गाडीत ठेवली आहे, यास वेळ कमी लागतो. मग आमचा वऱ्हाडी ड्रायव्हर जाऊन ती आकडी घेऊन आला. मांडवातले पाहुणे त्या सुमारास आइस्क्रीम खात होते.

हाताने मैला उपसण्यास माणूस नेमणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात व मैलाटाकीत उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हे काम वाट्याला येणारी माणसे कोणत्या जातींची, ते वाचकांस सांगणे नलगे. त्यांतील पुष्कळ जण आपल्याच वेदीपाशी ख्रिस्तप्रसाद घेतात. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपवास आरंभला होता. उच्चवर्णीय म्हणून तुरुंगाधिकारी त्यांस ते करू देईनात. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी हाताळणी न करावी लागणारा स्वस्त संडास तयार केला. सण-समारंभात टाकीत काय टाकले जाते यावर कोणाचा हात कोठे जाणार हे ठरते, म्हणून ही गोष्ट आम्ही येथे घातली.

कुकटपल्लीतील गणेशविसर्जन आयडीएल तळ्यावर होते. तेथे त्या दिवसांत महापालिकेची फिरती शौचालये उभी राहतात. दुसऱ्या सकाळी तळ्याकाठी चालत असता यजमानाने ती जागा दाखवली व सांगितले की, पूर्वी बायका मूर्तीबरोबर येत, पण अर्ध्या वाटेवरून परतत. ते ऐकून आम्हांस हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आठवली आणि आमच्या स्वतःच्या धर्मग्रामाचा सणही. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत आमच्या देवळाच्या अंगणात हजारभर माणूस जमते. पुरुष ओढ्याकडे जातात. स्त्रिया काय करतात? त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. परगावाहून आलेली एक गरोदर सून दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी प्रथम हेच विचारले की, दिवसभरात पाणी किती प्यायली. मधुमेहाचे म्हातारे तर सणाला येईनासेच झाले आहेत.

परतण्यापूर्वी त्या खोपट्यांच्या मालकास आम्ही भेटलो. शंभर माणसांमागे एक तरी खोपटे, जेवण असेल तर अधिक आणि निम्म्याहून जास्त बायकांकडे, असा त्याने आपला हिशेब सांगितला. स्त्रियांस वेळ अधिक लागतो आणि लुगड्यानिशी त्या अरुंद जागेत वळणेही कठीण, हे आमच्या बसमधील बायांनी त्यास तेथेच ऐकवले. आजींनी पायरीची उंची दाखवून हाताला धरण्यास दांडी मागितली. त्याने वहीत टिपून घेतले.

आमच्या सणाच्या समितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. गतवर्षी दारूकाम व बँड यांवर जो खर्च झाला त्यातून आठ खोपटी नऊ दिवस भाड्याने येतील किंवा जैव टाकीवरची चार पक्की बांधता येतील. आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे, कारण शाळेच्या मुलींस ती वर्षभर उपयोगी पडतील. भाड्याचीच घ्यावयाची ठरल्यास पाण्याचा नळ व टमरेल, आत दिवा, कचऱ्यासाठी झाकणाचा डबा, दांडीची पायरी, टँकरवाल्यांस गमबूट आणि लांब आकडी, एवढे करारात घालावे. टँकर कोठे रिकामा करणार हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, नाहीतर तो आपल्याच ओढ्यात रिकामा होईल. बैठकीस पुरुषांबरोबर घरातील बायांनीही यावे.