अर्धी गच्ची, अर्धी इमारत

परवा रात्री भाचीचा पुण्याहून फोन आला. "मामा, एक मजला मिळाला!" एवढंच म्हणाली आणि हसत सुटली. एका मजल्याचं एवढं काय कौतुक, असं तुम्हाला वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

ही माझी भाची एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत नाही. कंपनीच्या इमारती बांधून घेणं आणि चालवणं हे तिचं खातं. नव्या इमारतीत वीज कमी लागावी म्हणून ती तीन वर्षं मागे लागली होती. दर बैठकीत सगळे माना डोलवायचे आणि कागद परत यायचा. खर्च वाढेल, लोकांना उकडेल, आपल्याकडे हे चालायचं नाही. गेल्या मे महिन्याच्या सुरुवातीला बांद्याला आली तेव्हा नोकरी सोडायचंच बोलत होती.

रात्री पडवीत बसलो असताना तिने मला इन्फोसिसच्या हैदराबादच्या इमारतीची गोष्ट सांगितली. ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. २०११ च्या सुमारास त्यांनी हैदराबादला एक इमारत बांधली आणि तिचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीसारखी थंड हवा सोडायची. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच नळ्या पुरून त्यातून गार पाणी फिरवायचं. स्लॅब गार होतो आणि माणसांची, यंत्रांची उष्णता ओढून घेतो. श्वासापुरती ताजी हवा वेगळी कोरडी करून आत सोडायची, नाहीतर गार छताला दव धरेल. (आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर छतातून पाऊसच पडायचा!)

मला आवडलं ते पुढचं. हरणारी बाजू त्यांनी मुद्दाम कच्ची ठेवली नाही. भिंती, खिडक्या, सावली दोन्हीकडे सारखी आणि दोन्हीकडची यंत्रणा चांगलीच. दोन वर्षं मीटर वाचले. पाण्याच्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे ३४ टक्के वीज कमी लागली आणि बांधणीचा खर्चही जास्त आला नाही. गुरुप्रकाश शास्त्री आणि पीटर रम्सी यांनी हे आकडे २०१४ साली छापले. कंपनीने पुढे इतर ठिकाणीही ही पद्धत वापरली.

मी म्हटलं, "अगं, मग तू सबंध इमारत कशाला मागतेस? अर्धीच माग. आणि तुझ्या विरुद्ध बोलणाऱ्यालाच मीटर वाचायला बसव."

ती म्हणाली, "मामा, सांगणं सोपं असतं. तुमच्याच माडीवर बघा ना काय भट्टी झालीय."

बरोबर होतं तिचं. आमच्या चिऱ्याच्या घरावरची कौलं मीच १९९४ साली उतरवली. दरवर्षी कौलं परतायला माणसं मिळेनात, त्यात माकडं रोज नवी फोडायची. स्लॅब घातला तेव्हा मला केवढा अभिमान! माडीवरच्या दोन्ही खोल्या उन्हाळ्यात तापतात, हे तीस वर्षं बोललो नाही. आता मुलगा दोन्ही खोल्यांत एसी बसवायचं म्हणत होता. चुना लावून बघू म्हटलं तर हसायचा.

दुसऱ्याच दिवशी दोन थर्मामीटर आणून दोन खोल्यांत टांगले. आधी आठवडाभर काही न करता दुपारी तीनला मोजलं. दोन्हीकडे सारखंच. मग एकाच खोलीवरच्या गच्चीला पांढरा चुना काढायला माणूस बोलावला. तो म्हणाला, "गुरुजीनू, अर्ध्याक चुनो आणि अर्ध्याक नाय? लोक हसतले मां!" म्हटलं, हसू देत.

वहीत आकडे मुलाने लिहायचे, असं ठरलं. चुन्याखालची खोली दुपारी दीड ते दोन अंशांनी गार निघाली. फार नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच म्हणाला, "बाबा, दुसऱ्या बाजूला पण काढूया." मी काहीच बोललो नाही. शाळेत असतो तर एवढ्यात व्याख्यान दिलं असतं!

चुन्याने सगळं साधलं असं नाही. पावसात गच्ची शेवाळाने काळी झाली, म्हणजे दरवर्षी चुना आला. हिला उकाडा सोसत नाही म्हणून एक एसी घेतलाच. पण दोन घ्यायचे होते, तिथे एकावर भागलं.

भाचीने मग सबंध इमारतीचा कागद मागे घेतला आणि एका मजल्याचा अर्धा भाग मागितला. परवा मान्यता मिळाली. मीटर वाचायला कोण, तर खर्चावरून सर्वांत जास्त भांडलेले गृहस्थ. आकडे यायला वर्ष जाईल. कदाचित ते तिच्या विरुद्धही येतील. मी तसं म्हटल्यावर फोनवर थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "तर मग तेही लिहायचं ना, मामा."

जन्मभर फळ्यापुढे उभा राहून मुलांना पटवत आलो. त्यातलं किती उरलं कोण जाणे. मुलाच्या हातातली ती वही मात्र अजून कपाटात आहे. यंदाही मे महिन्यात तोच लिहिणार आहे.

असो. चुना भिजवायची वेळ झाली.